चंद्रेच्या खोऱ्यात जाण्याआधी

अगं, तुझा मेल परवाच वाचला, पण मोबाईलवर दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून आज बसून लिहितेय.

हिमाचलातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या बर्फ-पाण्याचा वीस वर्षांचा डेटा हातात आहे आणि ट्रेंड काही निघत नाही, माझं काही चुकतंय का, असं विचारलंयस. चुकत नाहीये, घाई होतेय. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात शंभर वर्षांहून जास्त काळ बर्फात नळी खुपसून, ती नळी काट्यावर टांगून, आत किती पाणी आहे ते मोजतात. तिथे 1 एप्रिलचा आकडा महत्त्वाचा, आणि तो 2015 ला सरासरीच्या जेमतेम 5 टक्के होता तर 2023 ला दुपटीच्या वर. आठच वर्षांत! आता अशी दोन वर्षं तुझ्या वीस वर्षांत कुठे पडतात त्यावर तुझी रेघ वर जाणार की खाली ते ठरतं, हवामान बदलाशी त्याचा संबंध असेलही नसेलही.

आणि मुळात नदी समजून घे आधी. चंद्रभागा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पंढरपूरचं वाळवंट, पण तिकडे हिमाचलात चंद्रा आणि भागा या दोन खऱ्याखुऱ्या नद्या आहेत, बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी निघतात, तांदीला भेटतात आणि पुढे त्यांचीच चिनाब होते. आपण खडकवासल्याच्या विसर्गावर वाढलेली माणसं, आभाळ भरलं की नदी वाढणार हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिकडे उलटं. कडक ऊन पडलं की पाणी चढतं, दोन दिवस ढगाळ राहिलं की उतरतं. पहिल्या वर्षी मी सकाळी सातला एक ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून आरामात ओलांडला आणि संध्याकाळी पाचला त्याच ओढ्याच्या काठी येड्यासारखी उभी राहिले, पाणी मांडीपर्यंत, गढूळ, आणि खालून दगड गडगडत जायचा आवाज. तेव्हा डोक्यात आलं की रोज सकाळी आठला गेज, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, वाचणाऱ्या माणसाच्या वहीत ही संध्याकाळ कधीच येत नाही. म्हणून रीडिंग किती वाजताचं आहे ते आधी विचार.

दुसरं पावसाच्या नोंदींचं. पर्जन्यमापकात पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण बर्फ वाऱ्याबरोबर बाजूने उडून जातो, जोराचा वारा असला तर निम्मासुद्धा निसटतो. आता थंडी कमी झाली आणि जो बर्फ पडायचा त्याचा पाऊस झाला तर त्याच भांड्यात जास्त पाणी जमणार, आणि आपण पेपर लिहिणार की पर्जन्य वाढलं! आभाळातून तेवढंच पडलंय गं.

माझी फजिती सांगते. एका ठिकाणचा डिस्चार्ज, म्हणजे नदीतून वाहणारं पाणी, एकदम वाढलेला दिसला, मी खूश, स्लाइडसुद्धा तयार केल्या. नंतर कळलं की पुरात गेजची पट्टी वाहून गेली होती आणि नवीन लावताना ती जराशी खाली बसवली, म्हणून आकडा वाढला, आणि रजिस्टरमध्ये एक अक्षर नाही. चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा सहज बोलून गेले म्हणून समजलं, नाहीतर छापून मोकळी झाले असते.

आणि एक घोळ भाषेचा. आपण स्नोला पण बर्फ म्हणतो, आइसला पण बर्फच. पण हिवाळ्यात पडलेला पांढरा बर्फ आणि खालची जुनी हिमनदी ही दोन वेगळी खाती आहेत. बर्फ कमी पडला तर हिमनदीचा मळकट आइस लवकर उघडा पडतो, तो ऊन जास्त शोषतो, जास्त वितळतो, त्यामुळे हिमनदीजवळ वर्षाचं एकूण पाणी फारसं कमी झालेलं दिसतच नाही, कधीकधी वाढतंसुद्धा. बँकेतली एफडी मोडून घरखर्च चालवल्यासारखं आहे ते. म्हणून नुसता वार्षिक आकडा घेऊन बसू नकोस, वर्षाचं निम्मं पाणी कोणत्या तारखेपर्यंत वाहून गेलं ते काढ, ती तारीख आता लवकर येतेय का बघ. मला विचारशील तर तुझं काम तिथेच आहे. आणि काराकोरम पर्वतरांगेचे निष्कर्ष इथे चिकटवू नकोस, तिकडच्या बऱ्याच हिमनद्या बराच काळ टिकून होत्या, तो वेगळा विषय.

याच खोऱ्यातल्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून मोजमाप चालू आहे, ते आधी वाच. सुत्री ढाका हिमनदीजवळ 4000 मीटरच्या वर हिमांश नावाचं संशोधन केंद्र आहे, 2016 पासून, आणि ते चालवणारी संस्था कुठली तर आपल्या गोव्यातल्या वास्कोची, समुद्रकाठची! मला याची अजून गंमत वाटते.

गेजचा फोटो रोज काढ, पट्टी आणि मागचा एखादा न हलणारा दगड दोन्ही दिसतील असा. ग्रांफूच्या पुढे रेंज जाते, तेव्हा आठ दिवस फोन लागणार नाही हे आईला आधीच सांगून ठेव, मागच्या वेळी एकीच्या आईने मला रात्री अकराला उठवलं होतं.