लुइजीचा डाव

वाचकाचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझं वय ४३. लहानपणी दादा आणि मी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ वेड्यासारखे खेळायचो. कॅसेट एक, रिमोट दोन. दादा सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे मारिओ कायम तो आणि लुइजी मी. आम्ही पाण्याखालच्या लेव्हल केल्या, किल्ले केले, आगीचे गोळे चुकवत पुलावरच्या राक्षसाला पाडलं. सगळं डोळ्यांसमोर आहे. गेल्या महिन्यात निन्टेन्डोच्या आताच्या यंत्रावर, जुन्या खेळांच्या संग्रहात, तोच खेळ सापडला. पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या दोन लेव्हल, म्हणजे १-१ आणि १-२, झोकात पार केल्या. १-३ मध्ये मात्र झाडांवरून रोज पडतोय. खेळ आठवणीपेक्षा वेगवान वाटतो, गाणंसुद्धा घाईत वाजल्यासारखं. बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिरा उडतो, असंही वाटतं. खेळ मागे नेण्याची सोय आहे, पण ती वापरली की फसवणूक केल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर पहिल्यासारखी मजा येत नाही. वयामुळे हात जड झाला का? की काही गोष्टी आठवणीतच ठेवाव्यात?

– एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकाच शब्दाशी थांबले. ‘आम्ही’. आम्ही किल्ले केले, आम्ही राक्षसाला पाडलं. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

या खेळात दोघं एकाच वेळी खेळत नाहीत. मारिओची लाइफ गेली की लुइजीचा डाव. शिवाय दोघांची मजल वेगवेगळी मोजली जाते. दादा पाचव्या वर्ल्डमध्ये मेला, तरी काळ्या पडद्यावर वर लुइजीचं नाव आणि मधोमध तुमचं स्वतःचं वर्ल्ड १-२ यायचं. सहा वर्षांनी मोठा भाऊ एका लाइफमध्ये किती वेळ काढत असेल आणि तुम्ही किती, याचा हिशेब करून पाहा. ते किल्ले तुम्ही पाहिले आहेत, अगदी जवळून, श्वास रोखून पाहिले आहेत. खेळला तो दादा.

हे मी ठामपणे लिहू शकते, कारण आमच्या घरात लुइजी मी होते आणि मारिओ ताई. एकेचाळिसाव्या वर्षी मी हा खेळ पुन्हा हातात घेतला, तेव्हा २-२ ही पाण्याखालची लेव्हल मला रंगासकट आठवत होती. पण पोहताना बटण थांबून थांबून मारायचं असतं, हे अंगठ्याला माहीतच नव्हतं. उलट १-१ मध्ये, चौथ्या पाइपच्या पुढे आणि पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, अगदी मोकळ्या जागेत माझ्या अंगठ्याने आपोआप उडी मारली आणि रिकाम्या हवेतून हिरवा मशरूम निघाला. तिथे लपलेला ठोकळा आहे हे डोक्याला आठवायच्या आधी हाताला आठवलं. मी रिमोट खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

तुमचंही तेच झालंय. १-१ आणि १-२ झोकात गेल्या, कारण त्या खरोखर तुमच्या होत्या. १-३ पासून पुढे डोळ्यांना ओळख आहे, हाताला नाही. हात जड झालेला नाही, तो तिथे पहिल्यांदाच पोचलाय.

वेगाचं म्हणाल, तर तुमचा कान बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे. मूळ खेळ १९८५ चा, जपानसाठी, सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीसाठी बांधलेला. तेव्हा कित्येक देशांत टीव्ही सेकंदाला ५० चित्रं दाखवत. अशा ठिकाणांसाठी निन्टेन्डोने स्वतः जी आवृत्ती काढली, तिचा वेग जुळवून घेतला होता. पण नक्कल केलेल्या यंत्रांवर बहुतेकदा जपानी खेळच जसाच्या तसा चाले, आणि मग तो सहापैकी पाच भाग वेगानेच धावे. चाल हळू, गाणं हळू, घड्याळही हळू. १-१ मध्ये घड्याळ ४०० पासून उतरतं. मूळ वेगात ते सुमारे १६० सेकंदांत संपतं, संथ यंत्रावर १९२. तुमच्या घरी तसलं यंत्र असेल, तर तुम्ही अख्खं बालपण याच खेळाची संथ चाल ऐकत काढलंय. घाई खरीच आहे. आठवडाभर रोज थोडं खेळा, कान बसेल.

उशिरा उडण्याचा दोष टीव्हीचा असू शकतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र आलं तसं उमटायचं. आताचे सपाट टीव्ही आधी चित्र सफाईदार करतात, मग दाखवतात, आणि तेवढ्यात मारिओ खड्ड्यात गेलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तो चालू करा. हे आजच करा, कारण या एका गोष्टीने अनेकांचा जीव मेटाकुटीला येतो आणि ते वयाला दोष देतात.

आता १-३. अंगठ्याचं टोक बी बटणावर दाबून ठेवा, ते सोडायचं नाही. उडी मारताना अंगठा न उचलता त्याचा मधला भाग ए वर टेकवा. धाव तुटली की उडी आखूड पडते आणि त्या झाडांमध्ये आखूड उडी म्हणजे मरण. ए जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच जाते, सोडलंत की मारिओ लगेच खाली येऊ लागतो. हवेत असतानाही मागे ओढता येतं, हे फार उपयोगी आहे. लाल कासव झाडाच्या कडेवरून परत फिरतं, म्हणून त्याची पाठ झाली की मगच उतरा.

मागे नेण्याची सोय मी स्वतः वापरत नाही. फसवणूक म्हणून नव्हे. पडल्यावर पुन्हा मागून चालत येण्यातच हाताला वाट पाठ होते, आणि ते चालणं मला प्रिय आहे. पण रोज अगदी पहिल्यापासून सुरू करायला तुम्हाला वेळ नसणार. त्यासाठी मूळ खेळातच एक युक्ती आहे, जी आम्हा बहिणींना तेव्हा कधीच कळली नाही. गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात, त्याच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. आत्ता उपयोग नाही, चौथ्या-पाचव्या वर्ल्डमध्ये मात्र नक्की होईल.

आणि जरा रमतगमत खेळा. १-१ च्या शेवटाकडे ठोकळ्यांच्या जिन्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये सपाट जमीन आहे, दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा. आधी न मरता उडी मारून बघ, मग खरी मार. हा खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी एक अक्षरही न लिहिता आपल्याला असं शिकवलं आणि आपल्याला कळलंही नाही. ढग आणि झुडपं तर एकच चित्र आहे, फक्त रंग पांढरा की हिरवा एवढाच फरक. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. हे दिसल्यावर मला त्या झुडपांविषयी जी माया वाटली, ती लहानपणी वाटली नव्हती.

राहिली मजा. तुमच्या आठवणीतल्या मजेचा मोठा भाग दादाच्या शेजारी बसून वाट पाहण्यात होता, आणि रात्री एकटं खेळताना तो मिळणार नाही. म्हणून दादाला फोन करा. तो लांब राहत असेल, तरी त्या संग्रहात ऑनलाइन दोघांनी खेळायची सोय आहे. या वेळी मारिओ तुम्ही घ्या, लुइजी त्याला द्या. तुम्ही १-३ मध्ये झाडावरून पडलात की त्याचा डाव येईल, आणि पडद्यावर त्याच्या नावाखाली येईल वर्ल्ड १-१.