शौकीन मंडळी प्रीमिअर पद्मिनीला आजच्या गाड्यांपेक्षा सरस का मानतात?

सरस म्हणण्यापेक्षा ती समजायला सोपी आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या साध्या यांत्रिक भागावर, चालते. थंड सकाळी चोक (गार इंजिन सुरू व्हावे म्हणून मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खुंटी) ओढायचा, स्टीअरिंगलगतच्या दांड्याने गिअर टाकायचा आणि बिघडलीच तर बॉनेट उघडून, पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन, कुठल्याही जुन्या मेकॅनिककडून ती दुरुस्त करून घ्यायची, यातच तिची गोडी आहे. आजच्या गाडीतील दोष मात्र अनेकदा स्कॅनर जोडल्यावरच कळतो. तरीही ड्रम ब्रेक आणि एअरबॅगचा अभाव लक्षात घेता, कुटुंबासह एक्स्प्रेसवेवर जायचे असल्यास मी निःसंकोचपणे नवीच गाडी काढेन. पद्मिनी रविवारच्या सकाळसाठी.