अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर वस्ती वसवणारे डॅनियल बून हे केवळ शिकारी होते, की सैनिकही होते?

ते दोन्ही होते. मात्र त्यांचे सैनिकी जीवन सरहद्दीवरील वस्तीच्या रक्षणातूनच घडले. 1734 मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेले बून 1755 मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉक यांच्या फसलेल्या मोहिमेत गाडीवान म्हणून गेले होते. 1775 मध्ये त्यांनी कंबरलँड खिंडीतून वाट पाडून केंटकीत बून्सबरो ही वस्ती वसवली.

त्यांची खरी कसोटी 1778 मध्ये लागली. वस्तीसाठी मीठ तयार करायला गेले असताना फेब्रुवारीत शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी त्यांना पकडले, आणि त्यांचे प्रमुख ब्लॅकफिश यांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु बून्सबरोवर हल्ल्याची तयारी चालू असल्याचे कळताच ते जूनमध्ये निसटले आणि सुमारे 160 मैलांचे अंतर चार दिवसांत तोडून त्यांनी गावाला सावध केले. सप्टेंबरमधील वेढा गावाने परतवला, तरीही त्यांच्यावर फितुरीचा आरोप ठेवून लष्करी खटला चालवण्यात आला. हा मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंग वाटतो, कारण आरोप करणारे त्यांचेच सहकारी अधिकारी होते. बून निर्दोष सुटले.

या वस्त्या शॉनी आणि चेरोकी लोकांच्या शिकारीच्या भूमीवर उभ्या राहत होत्या, हे विसरता कामा नये. त्या संघर्षाची किंमत बून यांनीही मोजली. 1773 मध्ये थोरला मुलगा जेम्स आणि 1782 मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत, त्यांच्या डोळ्यांदेखत, दुसरा मुलगा इस्राएल मारला गेला. पुढे मालकीहक्काच्या वादांत केंटकीतील जमिनीही गेल्या. 1799 मध्ये ते मिसूरीत गेले आणि तेथेच 1820 मध्ये वारले.