डेबियनमध्ये मोठा बदल आणताना

प्रिय मित्रा,

डेबियन ही स्वयंसेवकांनी घडवलेली लिनक्स प्रणाली. तिच्या घटनेत, म्हणजे प्रकल्पाच्या नियमावलीत, एक कलम आहे: प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कुणावरही नाही. ठरलेल्या निर्णयाला कुणी मुद्दाम अडथळा आणू नये, एवढंच बंधन. म्हणून तुझ्या बदलामुळे शंभर पॅकेजं (प्रणालीत बसवायचे प्रोग्रॅमचे संच) मोडणार असतील, तर शंभर पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, तुलाच लिहावे लागतील, हे गृहीत धर.

यूएसआर-मर्ज हा डेबियनमधला असाच मोठा बदल नीट अभ्यास. कल्पना साधी: प्रोग्रॅम आणि लायब्ररींच्या /बिन, /एसबिन आणि /लिब या डिरेक्टऱ्या वेगळ्या न ठेवता त्यांच्या जागी /यूएसआरमधल्या डिरेक्टऱ्यांकडे नेणाऱ्या सिमलिंक, म्हणजे दुवे, ठेवायच्या. २०१९च्या बस्टर या आवृत्तीत नव्या इन्स्टॉलेशनला ही रचना मिळाली. जुन्या यंत्रांवर ती २०२३च्या बुकवर्ममध्ये सक्तीची झाली, आणि पॅकेजांतल्या फाइली हलवायला त्यानंतरची ट्रिक्सी उजाडली.

अडलं ते पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रॅमपाशी. तो फाइल पत्त्यावरून ओळखतो. दोन पत्ते एकाच फाइलीचे आहेत, हे त्याला कळत नाही. समज, /लिबमधली फाइल नव्या आवृत्तीत दुसऱ्या पॅकेजात गेली आणि पत्ताही /यूएसआर/लिब झाला. ते पॅकेज आधी बसतं. मग जुन्या पॅकेजाची नवी आवृत्ती बसताना डीपीकेजी /लिबमधली निरुपयोगी फाइल काढायला जातो, सिमलिंकवरून नव्या फाइलीपाशी पोचतो आणि तीच पुसतो. एररसुद्धा येत नाही. म्हणूनच तांत्रिक समितीने मध्यंतरी फाइली हलवणं थांबवायला सांगितलं होतं. तुझ्या बदलातही अर्धवट अवस्था तपास: एकच पॅकेज अपग्रेड झालं, क्रम उलटा लागला, मध्येच वीज गेली.

आधी बदललेल्या वातावरणात सगळं अर्काइव्ह, म्हणजे डेबियनचा पॅकेजसंग्रह, पुन्हा बिल्ड कर. काय मोडतं त्याची यादी इतर डेव्हलपरांना दाखव, मगच बग नोंदव. प्रत्येकासोबत तपासलेला पॅच हवा. सुरुवातीला तीव्रता 'इम्पॉर्टंट' पुरे. 'सीरियस' केलंस की पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेतून, बाहेर पडू शकतं, तेव्हा पुरेसा वेळ दिल्यावरच ती वाढव. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) गप्प असेल तर एनएमयू, म्हणजे त्याच्याऐवजी तू केलेलं अपलोड, दहा दिवस थांबवून ठेवणाऱ्या डिलेड रांगेत टाक, म्हणजे त्याला हरकत घ्यायला अवधी मिळतो. फ्रीझ, म्हणजे नव्या आवृत्तीआधी बदल थांबवण्याचा काळ, जवळ आलं असेल तर सुरुवातच करू नकोस. पियुपार्ट्स या पॅकेज तपासणाऱ्या साधनाने स्टेबलवरून, म्हणजे सध्याच्या प्रकाशित आवृत्तीवरून, पुढच्या आवृत्तीवर अपग्रेड चालवून पाहा.

कुणाला वगळायचं तेही ठरव. वेळ साठवणारा ३२-बिट टाइम_टी हा प्रकार १९ जानेवारी २०३८ला संपतो. २०२४मध्ये आर्मएचएफवर (३२-बिट आर्म प्रोसेसरांसाठीच्या डेबियनवर) तो ६४-बिट केला, लायब्ररी पॅकेजांच्या नावांना टी६४ जोडून, म्हणजे जुनं-नवं मिसळणार नाही. आय३८६ (३२-बिट इंटेल प्रोसेसरांसाठीचं डेबियन) मात्र तसंच ठेवलं, कारण त्याचा मुख्य उपयोग जुने बायनरी प्रोग्रॅम चालवण्याचा. हा निर्णय मला अतिशय समंजस वाटतो.

यूएसआर-मर्ज झालेलं यंत्र पूर्ववत करण्याची अधिकृत सोय नाही. तुझ्या बदलात कोणत्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येतं, ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिही आणि मसुदा मला पाठव.

तुझा शुभचिंतक