बाखच्या सुरांवर मालकी कुणाची?

प्रश्न : मी मडगावला व्हायोलिन शिकवते. संगीतकार बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' या की-बोर्ड रचनांच्या संग्रहाच्या पहिल्या भागातला सी मेजर प्रेल्यूड (छोटी रचना) मी स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी बसवला आणि त्याचे पार्ट्स (प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी) विकायला ठेवले. आता एका परदेशी प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली आहे : आमच्या आवृत्तीची नक्कल केलीत, विक्री थांबवा, भरपाई द्या. काम करताना त्यांचीच आवृत्ती समोर होती, हे खरं. काय करू?

उत्तर : ताई, घाबरून पैसे पाठवू नका. आणि "चूक झाली, माफ करा" असं तर मुळीच लिहून देऊ नका. ते वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल.

बाख १७५० मध्ये गेला. आपल्याकडे कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे मूळ सूर कुणाच्याच मालकीचे नाहीत आणि ते क्वार्टेटसाठी बसवायला परवानगी लागत नाही. प्रकाशकाचा हक्क असलाच तर संपादकाने स्वतः घातलेल्या भरीपुरता : फिंगरिंग (बोटांच्या खुणा), स्लर (सूर जोडून वाजवायची कमान), प्रस्तावना.

ती भर तुमच्या पार्ट्समध्ये उतरली आहे का, एवढंच बघायचं. त्यांची आवृत्ती, तुमचा स्कोअर आणि बाखचं १७२२ चं हस्तलिखित शेजारी-शेजारी ठेवा. हस्तलिखित बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे, स्कॅन इंटरनेटवर मिळतं. जी खूण हस्तलिखितात नाही पण त्यांच्याकडे आणि तुमच्याकडेही आहे, ती काढा आणि तिथे स्वतःचं बोइंग (गज कसा फिरवायचा त्या खुणा) लिहा. हे होईपर्यंत विक्री थांबवा. विकलेल्या प्रतींत असे स्लर निघाले, तर तेवढ्यापुरता धोका राहतो, हे लपवत नाही.

जर्मनीत अभ्यासपूर्ण संशोधन करून संपादित केलेल्या आवृत्तीला वेगळं २५ वर्षांचं संरक्षण आहे. तिथे पार्ट्स विकत असाल तर त्यांच्या आवृत्तीचं साल आधी तपासा. आपल्या कायद्यात तसा हक्क नाही.

तुमच्या कामाला मात्र स्वतःचा हक्क मिळू शकतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराच्या व्याख्येत संगीताची अरेंजमेंट येते. पण नुसती मेहनत पुरत नाही, थोडी कल्पकता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे. इथे तुमची बाजू भक्कम आहे. की-बोर्डवर एकामागून एक वाजणाऱ्या पाच सुरांपैकी कुठला कुणी धरून ठेवायचा, वरचे तीन दोन व्हायोलिनमध्ये कसे वाटायचे, हे तुम्ही ठरवलंत. शेवटच्या चार बारमध्ये (तालाच्या खान्यांत) खालचा सी चेलोच्या मोकळ्या तारेवर येतो, तिथे त्याने किती दाबून वाजवायचं हेही. चार आवाजांची फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज पाठोपाठ घेतात अशी रचना) असती, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. तिथे प्रत्येक वाद्याला एकेक आवाज आयताच मिळतो. मोझार्टने १७८२ मध्ये याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागातल्या पाच फ्यूग क्वार्टेटसाठी अशाच उतरवल्या.

नोंदणी सक्तीची नाही. पण पेन्सिलीने खोडलेले कच्चे कागद आणि फाइलच्या जुन्या प्रती जपा, पुरावा तोच आहे.

मग वकिलामार्फत लेखी उत्तर द्या : नेमका कोणता बार, कोणती खूण तुमची, ते दाखवा. ते न सांगता धमक्या चालूच राहिल्या, तर त्याच कायद्याच्या कलम ६० खाली तुम्हीच न्यायालयात जाऊन त्या निराधार असल्याचं जाहीर करून घेऊ शकता. त्यांनी आधीच दावा लावून तो नेटाने चालवला, तर हा मार्ग बंद होतो.