मधुमेहाच्या ओपीडीत नर्स ‘नुसती बोलते’ का?

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मधुमेहाच्या ओपीडीतली पोस्टिंग मला फार आवडली. तिथल्या सिस्टर रुग्णांना समजावतात, तेच काम पुढे करावंसं वाटतं. मैत्रिणी म्हणतात, खरं नर्सिंग आयसीयूत, ओपीडीत नुसतं बोलायचं असतं. आईबाबांनाही यात भवितव्य दिसत नाही. काय करू?

उत्तर : तुझी आवड योग्य जागी आहे. मैत्रिणींचं ‘नुसतं बोलायचं’ मात्र मला अजिबात पटत नाही.

समज, इन्सुलिनचा डोस वाढवूनही एखाद्याची साखर आटोक्यात येत नाही. अशा वेळी जाणकार सिस्टर त्याला आधी इंजेक्शन घेऊन दाखवायला सांगते, मग पोटावरून बोटं फिरवून बघते. रोज एकाच जागी टोचल्यामुळे तिथे गाठ झालेली असते. गाठीवर टोचलं की दुखत नाही, म्हणून रुग्ण ती जागा सोडत नाही. पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आता जागा बदला एवढंच सांगून भागत नाही. चांगल्या जागी तोच वाढवलेला डोस गेला तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलून डोस कमी करावा लागतो. हे सगळं रिपोर्टवर दिसत नाही, हाताला लागतं. याला मी क्लिनिकल कौशल्यच म्हणेन.

विचारण्याचंही तसंच. ‘इन्सुलिन वेळेवर घेता ना?’ म्हटलं की उत्तर ‘हो’च येणार. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेलं?’ असं विचारलं की माणूस मोकळा होतो. कधीतरी रात्री साखर उतरून दरदरून घाम फुटलेला असतो, तेव्हापासून तो भीतीने डोस चुकवत असतो. त्याला रागावून काय होणार? साखर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे त्याच्याकडून पाठ होईपर्यंत वदवून घ्यायला हवं. भीती गेली की इन्सुलिन आपोआप वेळेवर घेतलं जातं.

आईबाबांना सांग, हे काम नवं नाही. इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं १९२२ मध्ये. त्यानंतर लवकरच बोस्टनचे डॉ. एलियट जॉसलिन नर्सना खास शिकवून रुग्णांच्या घरी पाठवू लागले होते. आज टाइप १ची मुलं, गरोदरपणातला मधुमेह, पायाच्या जखमा, इन्सुलिन पंप, सतत साखर मोजणारे सेन्सर असं बरंच काही या कामात येतं. डायबेटिस एज्युकेटरचे स्वतंत्र अभ्यासक्रमही आहेत.

अडचणी आहेतच. अनेक ठिकाणी या कामाला वेगळं पद नसतं. ड्रेसिंग, नोंदी, रांग सांभाळून उरलेल्या वेळात समुपदेशन करायचं असतं. म्हणून मुलाखतीतच विचार : एका रुग्णाला किती वेळ देता येईल, स्वतंत्र खोली आहे का, डोसबद्दल नर्सने किती सांगायचं याचा लेखी नियम आहे का? तो नसेल तर डोसला स्वतःहून कधीही हात लावू नकोस.

माझा सल्ला असा की, पदवीनंतर लगेच ओपीडी धरू नकोस. दोनेक वर्षं मेडिसिन वॉर्डात काढ. कीटोअॅसिडोसिसने (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढल्याने) धापा टाकणारा रुग्ण, पायाचं बोट काढावं लागलेला रुग्ण जवळून पाहिलास, की ओपीडीत कोणाला आजच थांबवायचं आणि कोणाला पुढच्या तारखेला बोलवायचं हे झटकन कळेल. ही दोन वर्षं वाया जातील असं आईबाबांनाही वाटणार नाही.

सध्याची पोस्टिंग संपायच्या आत त्या सिस्टरांच्या शेजारी बसून मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, पायाची संवेदना तपासायला शीक. आणि रोज एका तरी रुग्णाला, आपण सांगितलेलं त्याच्या शब्दांत परत सांगायला लाव. तो जिथे अडखळेल ते वहीत लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी तेच वेगळ्या पद्धतीने समजावून बघ.