ओजेटीला जायच्या आधी

भावा, ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून कंपनीत करायचं काम) शिरोली एमआयडीसीत मामाच्या ओळखीनं जागा मिळाली, लई बेस झालं. पण लगेच सोमवारी जाऊन उभा राहू नकोस. आधी विभागातून पत्र घे, कंपनीचं होकारपत्र सरांकडं दे. मंजुरीआधी केलेले तास धरतीलच असं नाही.

यूजीसीच्या हिशेबानं १ क्रेडिटला (कोर्समधलं काम मोजायचं एकक) ३० तास. एमएस्सी पहिल्या वर्षाची ओजेटी ४ क्रेडिटची, म्हणजे १२० तास. ‘महिनाभर काम केलं’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट चालवून घेऊ नकोस. तारखा, एकूण तास, सही, शिक्का सगळं पाहिजे. डायरी रोजची रोज लिही आणि सही दर शनिवारी घे. शेवटच्या दिवशी साहेब हमखास पुण्याला गेलेले असतात! ‘आज काम शिकलो’ असलं काही लिहू नकोस. फौंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये साच्याच्या वाळूची ओल कशी तपासली, स्पेक्ट्रोमीटरवर धातूत कार्बन किती आला, कास्टिंग (ओतलेला भाग) रिजेक्ट का झालं, ते लिही. तोंडीला त्यातलंच विचारतात.

स्टायपेंड मिळाला तर घे, क्रेडिट त्यावर ठरत नाही.

आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट ऑनलाइन जमा होतात त्या) खात्यावरचं नाव आधारशी जुळतंय का, ते आजच बघ.